रस्त्यावरची धूळ कुठल्या खडकातून आली, याचा घरच्या घरी माग कसा काढायचा

फुटपाथच्या कडेला साचलेली चिमूटभर धूळ तळहातावर घ्या आणि उन्हात तिरकी धरून बघा. दोन-चार कण नक्की चमकतील. आपण पटकन म्हणतो अभ्रक आहे किंवा गारगोटीचा कण आहे, पण चमकणारा कण गाडीच्या फुटलेल्या काचेचाही असू शकतो, किंवा रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या रंगात जे बारीक काचेचे गोल मणी मिसळतात त्यातलाही असू शकतो. म्हणजे एका चिमटीतल्या तीन चमकणाऱ्या गोष्टी आणि तिघींची कुळकथा वेगळी. मी हे काम सुरू केलं तेव्हा पहिले काही महिने हे तीनही कण एकाच डब्यात टाकत होतो, त्यामुळे नंतर सगळ्या नोंदी रद्द कराव्या लागल्या. तसं तुमचं होऊ नये म्हणून जरा सविस्तरच लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. धुळीच्या प्रत्येक कणाला दोन वेगळे प्रश्न विचारायचे. पहिला, हा कण जन्मला कुठल्या खडकात? दुसरा, तो इथे आला कुठल्या वाटेने? हे दोन प्रश्न एकत्र केले की गोंधळ झालाच म्हणून समजा. गारगोटीचा एक कण घ्या. जन्म ग्रॅनाइटमधला, म्हणजे शंभर टक्के नैसर्गिक, पण वाट काय? वाऱ्याने वाळवंटातून आला असेल, जवळच्या उघड्या मातीतून चाकाला चिकटून आला असेल, किंवा नदीच्या वाळूतून काँक्रीटमध्ये गेला आणि ते काँक्रीट फोडताना उडाला असेल. खनिज तेच, उत्तर मात्र तीन. म्हणून वहीत सुरुवातीलाच दोन कॉलम आखा, "जन्म" आणि "वाट", आणि एकाचं उत्तर मिळालं म्हणून दुसरा कॉलम परस्पर भरून टाकू नका.

आधी जमीन वाचा, मग धूळ

ब्रश घेऊन लगेच रस्त्यावर जाऊ नका. आधी तुमच्या शहराखाली आणि आजूबाजूला कुठले खडक आहेत ते शोधा. जवळपास प्रत्येक देशाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे नकाशे असतात, आणि मॅक्रोस्ट्रॅट नावाची फुकट वेबसाइट आहे तिच्यावर जगभरातल्या खूप भागांचे नकाशे एकत्र बघायला मिळतात. चार गोष्टी टिपून घ्या: शहराखालचा खडक, वर साठलेली माती किंवा गाळ, वरच्या अंगाने येणाऱ्या नदीचं पाणलोट क्षेत्र कुठल्या खडकांवरून येतं ते, आणि वर्षातल्या कोरड्या महिन्यांत वारा कुठल्या दिशेने येतो आणि त्या दिशेला काय आहे, समुद्र, कोरडं तळं, वाळवंट, खाण, नांगरलेली शेतं, जे असेल ते.

आता या माहितीवरून एक "अपेक्षित यादी" बनवा. पृथ्वीच्या कवचात साधारण निम्मा भाग फेल्स्पार गटाच्या खनिजांचा आहे आणि गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ साधारण १२ टक्के. पण धुळीत आणि वाळूत क्वार्ट्झचं प्रमाण याच्यापेक्षा पुष्कळ जास्त दिसतं, कारण ते झिजतं पण रासायनिकदृष्ट्या कुजत नाही. सॅम्युएल गोल्डिच या भूशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये कुठलं खनिज आधी कुजतं त्याचा क्रम मांडला: ऑलिव्हिन आणि कॅल्शियमवालं फेल्स्पार सगळ्यात आधी जातं, मग पायरॉक्सिन, मग हॉर्नब्लेंड आणि काळं अभ्रक, त्यानंतर पोटॅशियम फेल्स्पार, पांढरं अभ्रक, आणि शेवटपर्यंत टिकतं ते क्वार्ट्झ. हा क्रम पाठ करून ठेवा, कारण तो तुमच्या हातातलं घड्याळ आहे. ऑलिव्हिनचा स्वच्छ, टवटवीत कण रस्त्यावर सापडला तर तो फार काळ मातीत पडून राहिलेला नाही एवढं नक्की, बहुतेक खडी फोडताना किंवा रस्ता झिजताना नुकताच मोकळा झालाय.

अपेक्षित यादीचा खरा उपयोग असा की जे असायला नको ते सापडलं की माग लागतो. समजा शहर बेसाल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकावर वसलंय. बेसाल्टमध्ये मुळात क्वार्ट्झ जवळपास नसतं (पोकळ्यांमध्ये नंतर भरलेली गारगोटी, अकीक असतात, ते लक्षात ठेवा). अशा शहराच्या धुळीत क्वार्ट्झ भरभरून निघालं तर ते बाहेरून आलंय, बांधकामाच्या वाळूतून किंवा वाऱ्याने. उलट शहर ग्रॅनाइटवर असेल तर क्वार्ट्झ सापडण्यात काहीच बातमी नाही, तिथे मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं खनिज) आणि पायरॉक्सिनचा ढीग निघाला तर थांबून बघायचं. चुनखडीच्या शहरात कॅल्साइटवरून, म्हणजे चुनखडीच्याच मुख्य खनिजावरून, काहीच कळत नाही. म्हणजे प्रत्येक जागेचे साक्षीदार वेगळे, आणि नकाशा न बघता काम सुरू केलं तर कोण साक्षीदार आणि कोण नुसती गर्दी हेच समजत नाही.

सॅम्पल गोळा करणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि इथली चूक पुढे कितीही भारी मायक्रोस्कोप आणला तरी दुरुस्त होत नाही.

सुरक्षेचं आधी सांगतो. बारीक क्रिस्टलाइन सिलिका, म्हणजे क्वार्ट्झचीच अगदी बारीक पूड, फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस करते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ती पहिल्या गटातल्या कर्करोगकारकांमध्ये धरलेली आहे. तेव्हा एन ९५ मास्क घालूनच झाडायचं, कोरडी धूळ घरात चाळायची नाही, फुंकर मारायची नाही, आणि जुन्या सिमेंट पत्र्याच्या शेडजवळची धूळ घ्यायचीच नाही कारण त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. वाहत्या रस्त्यावर पहाटे जा आणि कोणाला तरी सोबत घ्या.

पाऊस पडून किमान आठवडाभर कोरडं हवामान गेलं की मग जा, नाहीतर बारीक माल गटारात वाहून गेलेला असतो आणि उरलेल्या जाड मालावरून तुम्ही निष्कर्ष काढत बसता. नवा कोरडा मऊ ब्रश, प्लास्टिकची सुपडी, झिपबॅग आणि मार्कर, बास. धातूची सुपडी नको, तिचेच कण झिजून चुंबकाला चिकटतात. रस्त्याच्या कडेला एक मीटर बाय एक मीटर चौकोन खडूने आखायचा आणि तेवढाच पूर्ण झाडायचा, फटीतलंसुद्धा, "इथे जरा छान दिसतंय" म्हणून निवडून उचलायचं नाही. एका रस्त्यावरून असे तीन चौकोन तरी घ्या. प्रत्येक पिशवीवर तारीख, जागा, रस्ता डांबरी की काँक्रीटचा, शंभर मीटरच्या आत बांधकाम चालू आहे का, शेवटचा पाऊस कधी झाला, हे लगेच तिथेच लिहायचं. घरी जाऊन लिहितो म्हणालात की दोन पिशव्यांची अदलाबदल ठरलेली.

आता महत्त्वाचं. नुसती रस्त्याची धूळ घेऊन काहीही सिद्ध होत नाही. जोडीला तुलनेचे नमुने लागतात:

- जवळच्या उघड्या मैदानातली किंवा बागेतली माती, वरचा पालापाचोळा बाजूला करून
- त्याच रस्त्याच्या तुटलेल्या कडेचा सुटा खडीचा तुकडा
- जवळच्या बांधकामावरची वाळू, आणि क्रश सँड (खडक फोडून केलेली वाळू) वापरत असतील तर तीही, परवानगी घेऊन
- उंच इमारतीच्या गच्चीवरची धूळ

गच्चीचा नमुना सोन्यासारखा जपा. चाकांनी उडवलेला जाड माल एवढ्या उंचीवर फारसा पोचत नाही, त्यामुळे दुरून वाऱ्याने आलेल्या बारीक धुळीचं प्रमाण तिथे जास्त असतं. रस्त्यावर आहे आणि गच्चीवर नाही असं खनिज बहुतेक स्थानिक असतं. गच्चीला स्वतःचं प्लास्टर, स्वतःचा सिमेंटचा कोबा असतो हे विसरू नका, तिथे साफ केलेली प्लास्टिकची परात महिनाभर ठेवून त्यात पडेल ते गोळा करणं जास्त चांगलं.

आकाराने वेगळं करणं

धूळ हा एक पदार्थ नाही, वेगवेगळ्या आकारांची भेळमिसळ आहे, आणि आकारावरून वाटेचा अंदाज येतो. चेस्टर वेंटवर्थने १९२२ मध्ये जी मापं ठरवली तीच अजून वापरतात: २ मिलिमीटर ते ६२.५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) म्हणजे वाळू, त्याखाली ४ मायक्रॉनपर्यंत सिल्ट म्हणजे पोयट्यासारखा बारीक गाळ, आणि त्याहून बारीक ती चिकणमाती. (माती तपासणारे लोक चिकणमातीची सीमा २ मायक्रॉन धरतात, दोन्ही चालतं, फक्त कुठली धरली ते लिहा.) केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन, म्हणजे वाळू आणि सिल्टची सीमा केसाएवढी आहे असं लक्षात ठेवलं की सोपं जातं.

शांत हवेत १०० मायक्रॉनचा कण सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगाने खाली येतो, एक किलोमीटर उंचीवरून अर्ध्या तासात जमिनीवर. १० मायक्रॉनचा कण सेकंदाला आठेक मिलिमीटरच उतरतो, त्याला तेवढंच अंतर पडायला दीड दिवस लागतो. दीड दिवसात वारा कुठल्या कुठे जातो! म्हणून केसापेक्षा जाड कण दिसला की आधी जवळपासच शोधायचं आणि २० मायक्रॉनच्या खालच्या मालाबद्दलच दूरच्या प्रदेशाचा विचार करायचा. याला अपवाद आहेत, सहारातले जवळजवळ अर्धा मिलिमीटरचे कणसुद्धा अटलांटिकवर हजारो किलोमीटर आत सापडलेत, पण अपवादावर सुरुवात करू नये.

आणखी एक गंमत म्हणजे वारा सगळ्यात आधी सगळ्यात बारीक कण उचलत नाही. साधारण ७५ ते १०० मायक्रॉनचे कण सगळ्यात सहज हलतात, त्याहून बारीक एकमेकांना चिकटून बसलेले असतात. हे जाड कण उड्या मारत जातात, जमिनीवर आपटतात आणि त्या आपटण्याने बारीक धूळ वर उडते. रस्त्यावर हेच काम चाकं करतात.

चाळायचं असेल तर ओलं चाळा. माती तपासायच्या चाळण्या मिळतात, २ मिलिमीटर, ५०० मायक्रॉन, १२५ आणि ६३ मायक्रॉन एवढ्या चार पुरतात. वरून पाणी सोडत चाळायचं, प्रत्येक थर वेगळ्या बशीत वाळवायचा. ६३ च्या खालून गेलेलं गढूळ पाणी फेकू नका, तेच सगळ्यात किमती आहे.

चाळण्या नसतील तर उंच काचेची बरणी घ्या, त्यात धूळ आणि पाणी घालून जोरात हलवा आणि स्थिर ठेवा. जॉर्ज स्टोक्सने १८५१ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे कण जेवढा बारीक तेवढा त्याचा वेग वर्गाच्या प्रमाणात कमी. साध्या तापमानाच्या पाण्यात १० सेंटिमीटर खाली यायला ५० मायक्रॉनच्या कणाला पाऊण मिनिट लागतं, २० मायक्रॉनला साडेचार-पाच मिनिटं, आणि २ मायक्रॉनला जवळपास आठ तास. म्हणजे पाच मिनिटांनी वरचं १० सेंटिमीटर पाणी हलकेच नळीने ओढून घेतलं तर त्यात २० मायक्रॉनच्या आतलाच माल आला. फक्त चिकणमातीचे कण पाण्यात गुठळ्या करतात आणि जड होऊन लवकर बसतात, ते टाळायला माती प्रयोगशाळांत सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटचं द्रावण घालतात. ते मिळालं नाही तर निदान क्षार नसलेलं डिस्टिल्ड वॉटर वापरा.

घरगुती चाचण्या

या पाच-सहा चाचण्यांना खर्च नाही, आणि वाटेबद्दल त्या खूप बोलतात. तुलनेच्या नमुन्यांवरही त्याच चाचण्या करायच्या, नाहीतर अर्थ नाही.

*ओली गोळी.* लालसर धूळ दिसली की सगळे म्हणतात लाल माती किंवा वाळवंटातून आली. मी स्वतः एका लाल धुळीच्या नमुन्याला दूरची धूळ ठरवून मोकळा झालो होतो, आणि ती निघाली विटांची पूड. तेव्हापासून लाल धूळ असेल तर पहिली हीच चाचणी. बारीक भाग थोड्या पाण्यात मळायचा. खरी चिकणमाती असेल तर ती चिकट होते, वळी करता येते, बोटांना घसरट लागते. भाजलेल्या विटेची पूड कितीही मळा, चिकट होत नाही, कारण भट्टीत चिकणमातीच्या खनिजांच्या रचनेतलं पाणी कायमचं निघून गेलेलं असतं. रंग दोघींचा हेमॅटाइट या लोखंडाच्या लाल खनिजामुळेच, जन्मही दोघींचा मातीतलाच, पण एक भट्टीच्या वाटेने आली.

*व्हिनेगर.* थेंब टाकल्यावर बुडबुडे आले तर कॅल्साइट आहे. भिंगातून बघा, डोळ्याला कधी कधी दिसत नाहीत. पण इथेही तीच भानगड: चुनखडीही फसफसते, शिंपल्याचा चुराही, आणि जुनं काँक्रीटही, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्यात कॅल्साइट तयार होतं.

*पीएच पट्टी.* म्हणून लगेच पुढची चाचणी. चमचाभर धूळ थोड्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळून पट्टी बुडवायची. नुसती चुनखडी असेल तर पीएच ८ च्या आसपास येतो. ११ च्या वर गेला तर ताजं सिमेंट किंवा ताजा चुना सोडून दुसरा संशयित शोधायची गरज नाही. जुन्या काँक्रीटचा पीएच हळूहळू ९ च्या खाली येतो, त्यामुळे कमी आकडा आला म्हणजे सिमेंट नाहीच असं मात्र म्हणता येत नाही.

*चुंबक.* ताकदवान निओडिमियम चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोरड्या जाड मालावरून फिरवा, मग पिशवी उलटी करून कण कागदावर पाडा. बेसाल्टी प्रदेशात टोकदार, अष्टफलकी मॅग्नेटाइट निघतं. ब्रेकचे, गंजाचे, वेल्डिंगचे कणही निघतात आणि शहरात तेच जास्त असतात. अगदी गोल गुळगुळीत काळे मणी दिसले तर ते वितळून घट्ट झालेले आहेत, बहुतेक वेल्डिंग किंवा भट्टीचे. त्यातला एखादा खरोखर अंतराळातून आलेला सूक्ष्म उल्कापाषाण असू शकतो! २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात छपरांच्या पन्हळींमधला ३०० किलो गाळ धुंडाळून असे ५०० कण ओळखले होते. म्हणजे शक्य आहे, पण किलोला एक-दोनच.

*मिठाचा थेंब.* धुतलेलं पाणी गाळून त्याचा एक थेंब काचपट्टीवर वाळवा. चौकोनी स्फटिक म्हणजे मीठ, समुद्रावरून किंवा खाऱ्या तळ्यावरून. सुईसारखे दिसले तर जिप्सम असू शकतं, कोरड्या तळ्याचं किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसचं, परत दोन वाटा.

मायक्रोस्कोपखाली

इथे वेळ घालवा, खरा आनंद इथेच आहे. ४० ते १०० पट मोठं दाखवणारा साधा शाळेचा मायक्रोस्कोप चालतो. १२५ ते २५० मायक्रॉनचा थर घ्या, काचपट्टीवर विरळ पसरवा, आणि किमान ३०० कण मोजा. ओळीने मोजायचे, जो समोर येईल तो. आवडलेले कण निवडले तर सगळी टक्केवारी खोटी पडते.

क्वार्ट्झ स्वच्छ, काचेसारखं, तुटलेल्या कडा शिंपल्यासारख्या वळलेल्या, पापुद्रे नाहीत. फेल्स्पारला सपाट फुटण्याची सवय असते, पायऱ्या पायऱ्या दिसतात. अभ्रक पातळ पत्र्यासारखं. काचेचे मणी पूर्ण गोल. टायरचे कण लांबट, काळे, खोडरबर घासल्यावर ज्या वळ्या पडतात तशा, सुईने दाबले की दबतात आणि परत फुगतात. ज्वालामुखीची राख असेल तर काचेच्या धारदार वक्र कपच्या, फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंतींसारख्या.

काच आणि क्वार्ट्झ दिसायला सारखेच, त्यांना वेगळं करायची युक्ती सांगतो. पोलरॉइड फिल्टरचे दोन तुकडे घ्या, एक काचपट्टीच्या खाली, एक वर, आणि वरचा फिरवत जा म्हणजे मागचा सगळा उजेड काळा होईल. आता काचपट्टी फिरवा. काच काळीच राहते, कशीही फिरवली तरी. क्वार्ट्झचे जवळजवळ सगळे कण फिरवताना आळीपाळीने उजळतात आणि विझतात. कॅल्साइट तर भडक, मोत्यासारखे फिकट रंग दाखवतं. काही फेल्स्पारमध्ये काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दिसतात, ते प्लॅजिओक्लेज. मीठ आणि गार्नेटही काचेसारखेच काळे राहतात, पण मीठ धुताना निघून गेलेलं असतं आणि गार्नेट बऱ्याचदा गुलाबी किंवा तांबूस असतो.

आता वाट. जन्म कळला, पण त्याच फेल्स्पारकडे परत बघा. कण आतून स्वच्छ, कडा धारदार, वर काही माखलेलं नाही, तर तो खडी फोडणाऱ्या क्रशरमधून किंवा झिजणाऱ्या रस्त्यातून आलाय. कण ढगाळ, दुधी, कडा बोथट, पृष्ठभागावर तांबूस मातीचं पुट, तर तो मातीत बराच काळ कुजत पडलेला होता. कणाला डांबराचा काळा लेप असेल तर प्रश्नच मिटला. क्वार्ट्झ कुजत नाही म्हणून तिथे आकार बघायचा: वाळवंटात आपटून आपटून कण गोल होतात आणि पृष्ठभाग घासलेल्या काचेसारखा धुरकट होतो, नदीचे कण त्यामानाने चकचकीत आणि अर्धवट गोल, हिमनदीने दळलेले टोकदार. गोलाई फक्त १०० मायक्रॉनच्या वरच्या कणांतच बघा, त्याहून बारीक कण वाऱ्यात असोत की पाण्यात, एकमेकांवर जोरात आपटतच नाहीत.

जड खनिजांची साक्ष

क्वार्ट्झ आणि फेल्स्पार सगळीकडे असतात, त्यामुळे जन्मगाव सांगायला ते कमी पडतात. जन्मगाव सांगतात जड खनिजं, गार्नेट, झिरकॉन, टूर्मलिन, हॉर्नब्लेंड, इल्मेनाइट. क्वार्ट्झची घनता २.६५, गार्नेटची साडेतीन ते सव्वाचार, झिरकॉनची ४.६ च्या पुढे, मॅग्नेटाइटची ५.२. त्यामुळे झारेकरी करतात तसं परातीत पाणी घालून हलक्या हाताने गोल फिरवत हलका माल बाहेर सोडत गेलं की शेवटी काळसर रेघ उरते, तीच हवी. सराव लागतो. आधी ओळखीच्या वाळूत थोडा चुंबकाने काढलेला मॅग्नेटाइट मोजून मिसळा आणि तो किती परत मिळतो ते बघा, अर्धाही परत मिळत नसेल तर हात अजून तयार नाही.

या रेघेवरून किती लांब पोचता येतं याचं उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं आहे. १९४४-४५ मध्ये जपानने बॉम्ब बांधलेले फुगे पॅसिफिक महासागरापलीकडे अमेरिकेवर सोडले, त्यांना उंची सांभाळायला वाळूच्या पिशव्या बांधलेल्या होत्या. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लष्करी गटाने ती वाळू तपासली, त्यातली जड खनिजं, डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांची कवचं, सूक्ष्म समुद्री जीवांचे सांगाडे, आणि जे असायला हवं होतं पण नव्हतं ते, म्हणजे प्रवाळ. त्यावरून ते जपानच्या होन्शू बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मोजक्या जागांपर्यंत पोचले. "नाही" हीसुद्धा नोंद असते, वहीत लिहा.

दुरून आलेली धूळ

चार्ल्स डार्विनने १८३२ च्या जानेवारीत केप व्हर्दे बेटांजवळ जहाजावर पडलेली तपकिरी धूळ गोळा करून ठेवली होती. ती आणि अटलांटिकवरचे असे आणखी काही नमुने त्याने एरेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाकडे पाठवले, आणि त्या पाच छोट्या पुड्यांमध्ये एरेनबर्गला ६७ प्रकारचे सूक्ष्म जैविक आकार सापडले. तीच पद्धत आजही चालते: गच्चीच्या बारीक मालात डायटमची नक्षीदार कवचं दिसली आणि आसपास तसं पाणी नसेल, तर कोरड्या पडलेल्या तळ्याची शक्यता धरा. जगातला धुळीचा सगळ्यात जोरदार उगम, चाडमधला बोडेले खोलगट प्रदेश, हा अशाच एका आटलेल्या प्राचीन महातळ्याचा तळ आहे आणि तिथली पांढरट धूळ मुख्यतः डायटमचीच आहे.

दुरून आलीय असं म्हणायचं असेल तर तारखेचा पुरावा लागतो. नासाच्या वर्ल्डव्ह्यू वेबसाइटवर त्या दिवसाचं उपग्रह चित्र बघा, धुळीचा पिवळट पट्टा दिसतो का. अमेरिकेच्या नोआ संस्थेचं हायस्प्लिट मॉडेल फुकट चालवता येतं, त्यात तुमचं ठिकाण आणि तारीख टाकून हवा मागच्या तीन-चार दिवसांत कुठून आली ते उलटं काढता येतं. जवळच्या हवा मापन केंद्राचे आकडेही बघा. धुळीचं वादळ येतं तेव्हा पीएम १० (हवेतले १० मायक्रॉनच्या आतले कण) झपाट्याने चढतं आणि पीएम २.५ (२.५ मायक्रॉनच्या आतले) त्या प्रमाणात चढत नाही, उलट धूर असेल तर पीएम २.५ चा वाटा मोठा असतो. हे तिन्ही जुळले आणि गच्चीच्या परातीत त्याच दिवसांत बारीक माल वाढला तरच "दूर" लिहा. एकटं हायस्प्लिट पुरावा नाही, ते हवा कुठून आली सांगतं, तिने वाटेत धूळ उचलली का ते सांगत नाही.

प्रयोगशाळेची मदत मिळाली तर

एखाद्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाशी बोलून बघा. पहिलं मागा एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी खनिजं ओळखायची चाचणी. त्यात क्वार्ट्झचं मुख्य शिखर २६.६ अंशांवर आणि कॅल्साइटचं २९.४ वर येतं (तांब्याची क्ष-किरण नळी असेल तर), फेल्स्पार २७.५ ते २८ च्या आसपास, आणि चिकणमातीचे प्रकारही वेगळे करता येतात, जे साध्या मायक्रोस्कोपला अजिबात जमत नाही.

दुसरं एक्सआरएफ, म्हणजे मूलद्रव्यांचं प्रमाण. त्यावरून एनरिचमेंट फॅक्टर काढतात, म्हणजे एखादं मूलद्रव्य खडकाच्या हिशोबापेक्षा किती पट आहे ते. हिशोब सोपा आहे, समजायला धुळीचे आकडे मनाने घेतो. पृथ्वीच्या वरच्या कवचात ॲल्युमिनियम साधारण ८.१५ टक्के आणि जस्त दशलक्षात ६७ भाग. तुमच्या धुळीत ॲल्युमिनियम ५ टक्के आलं तर नुसत्या खडकाच्या हिशोबाने जस्त ४१ भाग असायला हवं. प्रत्यक्षात ४०० निघालं, तर फॅक्टर जवळपास १०, म्हणजे जस्त मुख्यतः दुसरीकडून आलं, शहरात बहुतेक टायरमधून. तांबं आणि अँटिमनी चढे असतील तर ब्रेककडे बघा. टायटॅनियमचा फॅक्टर १ च्या आसपास आला तर ते खडकाचंच. पण जागतिक सरासरी आंधळेपणाने वापरू नका. बेसाल्टमध्ये टायटॅनियम आणि लोह मुळातच जास्त असतं, तिथे जागतिक सरासरीशी तुलना केली तर निखळ नैसर्गिक मातीसुद्धा प्रदूषित दिसते. म्हणून तो बागेतल्या मातीचा नमुना घ्यायला सांगितला होता, भागाकार त्याच्याशी करा.

स्ट्रॉन्शियम आणि निओडिमियमची समस्थानिकं हा सगळ्यात पक्का जन्मदाखला, तरुण बेसाल्टमध्ये स्ट्रॉन्शियम ८७ आणि ८६ चं गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास, जुन्या खंडीय खडकांत ०.७१ च्या वर. महागडं काम आहे, आधीची सगळी कामं झाल्याशिवाय मागू नका. आणि कॅल्साइट आधी सौम्य आम्लाने काढून टाकायला सांगा, नाहीतर सिमेंटचं आणि समुद्री चुनखडीचं स्ट्रॉन्शियम मिसळून आकडा भलतीकडे जातो.

नोंद कशी लिहायची

"धूळ अमुक डोंगरातली आहे" असं एक वाक्य लिहू नका, कारण तसं कधीच नसतं. प्रत्येक आकाराच्या थराला आणि प्रत्येक खनिजाला वेगळी ओळ, त्यात जन्म, वाट, कशावरून म्हणतोय, आणि खात्री किती: पक्की, बरी, किंवा नुसता अंदाज. उदाहरणार्थ: "१२५ ते २५० मायक्रॉन, फेल्स्पार, ३०० पैकी ८४ कण. जन्म: रस्त्याच्या खडीशी जुळणारा बेसाल्ट, पक्की. वाट: रस्त्याची झीज, कडा धारदार, २० कणांवर डांबर, बरी." पुढची ओळ: "२० मायक्रॉनच्या आत, चिकणमाती. जन्म: बागेतल्या मातीसारखी, बरी. वाट: अंदाज." शेवटच्या रकान्यात "अंदाज" असलेल्या ओळी किती उरल्या ते मोजा, पुढच्या कोरड्या मोसमात त्याच खडूच्या चौकोनांवर परत जायचंय ते त्यांच्यासाठी.